तुटलेल्या नोकऱ्या आणि पत्रकाराची लेखणी
(गोराई येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपल्या वस्तीत आईबाप एक गाऱ्हाणे वारंवार सांगतात. मुलाने दोन-तीन वर्षांत तीन नोकऱ्या केल्या. दुकानात राहिला, पहारेकरी झाला, घरोघर माल पोहोचविला. एकही नोकरी टिकली नाही. आता म्हणतो, पत्रकार होणार. याचे पुढे कसे व्हावे?

ही काळजी खोटी नाही. ज्या घरात बांधलेला पगार नुकताच येऊ लागला आहे, त्या घराला नोकरी सोडण्याची भाषा सोसवत नाही. म्हणून कोरडा उपदेश न करता मी आपल्याच इतिहासातील एक हिशेब आपणांपुढे मांडतो.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानात नोकरीस लागले. वडिलांच्या आजारामुळे त्यांना थोड्याच दिवसांत परतावे लागले. अमेरिकेत व लंडनमध्ये शिकून १९१७ साली ते पुन्हा बडोद्यास गेले. कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून फेकीत. गावात राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ती नोकरीही संपली. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर-व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मार्च १९२० मध्ये तीही जागा त्यांनी सोडली.

सात वर्षांत इतकी ठिकाणे! केवळ ही यादी पाहणारा परका मनुष्य म्हणाला असता, हा गृहस्थ कोठेच टिकत नाही. म्हणून नोकरी तुटली एवढ्यावर न थांबता ती का तुटली, आणि तिने मनुष्याला काय शिकविले, हे विचारले पाहिजे.

बाबासाहेबांच्या या अनुभवाचे पुढे काय झाले? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. बाबासाहेब त्या वेळी सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. ज्याने कचेरीतला अपमान सोसला, धंद्यातला बहिष्कार पाहिला आणि अवघड विषय विद्यार्थ्यांना उलगडून सांगितला, त्याच्या लेखणीला सांगण्यासारखे पुष्कळ होते. तुटलेली प्रत्येक नोकरी तिच्या कामी आली.

परंतु तरुण मित्रहो, पुढची गोष्टही नीट ऐका. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि १९२३ च्या सुमारास 'मूकनायक' बंद पडला. नुसत्या कळकळीने पत्र चालत नाही. त्याला लिहिणारे हात लागतात, वर्गणी देणारे हात लागतात. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्याचे पाणी घेतल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे संपादक स्वतः बाबासाहेब होते आणि त्यातील बहुतेक मजकूर तेच लिहीत. तोवर ते बॅरिस्टर झाले होते. वकिलीच्या जोडीला एका वाणिज्य संस्थेत कायदा शिकवून प्रपंच चालवीत होते. पोटाची सोय एकीकडे आणि लेखणीचे स्वातंत्र्य दुसरीकडे, अशी ती व्यवस्था होती.

तेव्हा ज्याला या क्षेत्रात यावयाचे आहे त्याने हातची नोकरी रागाच्या भरात टाकू नये. तिच्या उरलेल्या वेळात शिकावे. रोज एक बातमी लिहावी. ऐकलेली गोष्ट दोन माणसांकडून पडताळून पाहावी. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे; दहा रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीस बंधनकारक आहे. तो अर्ज लिहावयास शिकणे हा पत्रकारितेचा पहिला धडा होय.

विषयांसाठी लांब जावे लागत नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षे या गोराईच्या खाडीकाठी येऊन पडला. पुढे ती कचराभूमी बंद झाली. दुर्गंधी गेली हे चांगलेच झाले. पण तेथे कचरा वेचून पोट भरणारी माणसे कोठे गेली, हे कोणी विचारले काय? खाडीपलीकडच्या गावातील माणूस रात्री आजारी पडला तर तो इस्पितळात कसा पोहोचतो? ज्याने स्वतः रात्रीचा पहारा केला आहे, दारोदार ओझी वाहिली आहेत, त्याला हे प्रश्न लवकर दिसतात. त्याच्या तीन नोकऱ्यांचे हेच भांडवल आहे.

आणि आईबापांनो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे. मुलाला "टिकत नाही" म्हणून हिणवू नका. त्याला विचारा : तू काय शिकलास? शिकण्यासाठी तू रोज किती वेळ देतोस? घरात तुझा वाटा किती देशील? या तीन प्रश्नांची त्याने सरळ उत्तरे दिली, तर त्याला एक वर्षाची मुदत द्या. आणि त्याने लिहिलेले घरात सर्वांनी मोठ्याने वाचा. तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले अथवा कोणी मोठ्याने सांगितले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. पत्रकाराचे काम याहून वेगळे नाही. मुलाच्या निश्चयालाही हीच कसोटी लावा, आणि तो कसोटीस उतरला तर त्याच्या पाठीशी उभे राहा.

जयभीम!