सोळा आण्यांतले किती?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आपण साडी घेतो तेव्हा पोत बघतो, काठ बघतो, रंग जाईल का ते विचारतो. गाण्याला मात्र कुणी म्हणालं छान, की आपणही छान म्हणतो. मी आज चार जुन्या गाण्यांच्या संग्रहांना आण्यांत गुण देणार आहे, सोळापैकी. माझ्या कसोट्या तीन. शब्द कळतात का? काम करता करता ऐकता येतं का? आणि त्यात बाईचं मन कुठं दिसतं का? तुम्हाला पटलं नाही तर गटाच्या बैठकीत खुशाल भांडा.

पहिलं गीतरामायण. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली. एकही शब्द अडत नाही. रेडिओवर बायकांची गाणी बायकांनी गायली होती. सीतेला वनात सोडतात तेव्हा ती लक्ष्मणाला विचारते, मी जाऊ कुठं? ते गाणं लताबाईंनी गायलं. पुढं तबकड्या निघाल्या त्यात सगळंच फडक्यांच्या आवाजात आलं. ते गातात सुरेखच, पण तो प्रश्न बाईच्याच तोंडून ऐकावा असं मला वाटतं. तबकडीला पंधरा आणे.

दुसरं शिवकल्याण राजा. 1974 साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं निघालं. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण कवी भूषणाची भाषा ब्रज, ती आपल्याला समजावून घ्यावी लागते. माझं आवडतं गाणं त्यातलं गोविंदाग्रजांचं. जिजाऊ बाळाला झोपवते आहे आणि बाळ काही झोपत नाही. एवढ्या मोठ्या राजाच्या आईलाही रात्र जागवावी लागली, हे ऐकून बरं वाटतं. चौदा आणे.

तिसरा गारवा. 1998 सालचा, सौमित्रची कविता आणि मिलिंद इंगळेचा आवाज. पोरांना फार आवडतो. चाली गोड आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यातला पाऊस खिडकीतून बघायचा आहे. आपला पाऊस म्हणजे गळकं छप्पर, ओली लाकडं आणि पेरणी साधेल का याची धाकधूक. तरी एक कबूल करते. एकदा दुपारी एकटी असताना ऐकला आणि पहिल्यांदाच पावसाकडे कामाचा हिशेब न करता बघितलं. दहा देणार होते, बारा देते.

चौथं अभंग तुकयाचे. श्रीनिवास खळ्यांचं संगीत, लताबाईंचा आवाज. त्यात सासरी निघालेल्या मुलीचा अभंग आहे. ती वळून वळून माहेराकडे बघते, तसा माझा जीव तुझ्यासाठी तळमळतो, असं तुकोबा विठ्ठलाला सांगतात. देवाची ओढ सांगायला त्यांना उपमा सापडली ती आपल्या पाठवणीची. वाद्यांचा गोंगाट नाही, भाकरी थापतानाही शब्द नीट कळतो. पूर्ण सोळा आणे.

आता पाचवा संग्रह. त्याला गुण देता येत नाहीत, कारण तो तुमच्या गावात अजून निघालाच नाही. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या! हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगावी हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आता पारी या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. पण गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ज्यांना ओव्या येतात त्या बायांचं वय आता सत्तरीच्या पुढं आहे. मी माझ्या आईला म्हटलं होतं, सुगी झाली की तुझ्या ओव्या लिहून घेते. सुगी झाली, दुसरी आली. आई गेली. मला आता तिच्या चार-पाचच आठवतात, त्याही अर्ध्या.

म्हणून सांगते, सुगीची वाट बघू नका. घरात मोबाइल आहे ना? आजीला आधी विचारा, तिची परवानगी घ्या. पंखा आणि टीव्ही बंद करा. फोन तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. जातं असेल तर त्याच्यापाशीच बसवा, हात फिरला की ओवी आपोआप येते. सुरुवातीला तिचं नाव, गाव, माहेर आणि तारीख बोलून घ्या. मध्ये अडली तर अडू द्या, टोकू नका. आणि ते रेकॉर्डिंग दुसऱ्या एका फोनवरही ठेवा, कारण फोन पाण्यात पडतात.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की प्रत्येकीनं एकेक ओवी ऐकवा. तिथं गुण देऊ नका. नुसतं ऐका.