‘पेक्षा’, ‘हून’ आणि ‘ने’ : असमानतेचे गुणधर्म मराठीतून वाचताना

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्य शिकवणारा माणूस गणितावर बोलायला उभा राहिला, याचे काहींना नवल वाटले असेल. मी गणित शिकवणार नाही. शालेय बीजगणितात असमानतेचे जे चार-पाच गुणधर्म मुले पाठ करतात, ते मराठीत बोलून पाहिले तर काय हाती लागते, एवढेच मला सांगायचे आहे. गोव्यात हा प्रश्न थेट माध्यमाशी जोडलेला आहे. मराठी शाळेत जाणारे आपले मूल ‘लहान-मोठा’ शिकते ते पहिलीत, मराठीतून. पाचवीपासून बहुतेकांचे माध्यम इंग्रजी होते. ‘लिनिअर इनइक्वॅलिटीज’ हे प्रकरण समोर येते अकरावीत. मधल्या वर्षांत पहिलीतल्या त्या ‘पेक्षा’चे काय झाले, हे कोणी विचारत नाही. अकरावीत उत्तर चुकले की आपण म्हणतो, गणित कच्चे. माझे म्हणणे असे, की पुष्कळदा कच्चे असते ते वाक्याचे वाचन, आणि ते पक्के करण्याचे साधन मुलाच्या घरच्या बोलीत तयार असते.

आधी ‘पेक्षा’ हा शब्दच घेऊ. तो संस्कृत ‘अपेक्षा’वरून आला. अपेक्षा म्हणजे संबंध, दुसऱ्याकडे पाहणे. ‘सापेक्ष’मध्ये तोच अर्थ शिल्लक आहे. ‘सात हा पाचपेक्षा मोठा’ म्हणजे पाचाकडे पाहता सात मोठा. मराठीत विशेषणाचे रूप बदलत नाही. ‘मोठा’ हा ‘मोठा’च राहतो आणि तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो. कोकणीत ‘परस’ हेच काम करतो, त्यामुळे घरी कोकणी बोलणाऱ्या मुलालाही ही रचना परकी नाही.

आता चिन्हाकडे येऊ. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली वापरले. ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे टॉमस हॅरियट यांच्या १६३१ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी छापलेल्या ग्रंथात आली. ही चिन्हे इंग्रजी वाक्याच्या क्रमात चपखल बसतात : ‘अ इज ग्रेटर दॅन ब’. डोळा डावीकडून उजवीकडे सरकतो आणि वाक्य पुरे होते. मराठीत मात्र ‘अ हा ब-पेक्षा मोठा’. डोळ्याने चिन्हावरून उडी मारून ‘ब’ गाठायचा, मग मागे येऊन ‘मोठा’ म्हणायचे. पहिलीतले मूल इथे घुटमळते. आपण त्याला मगरीच्या जबड्याची गोष्ट सांगून मोकळे होतो : मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते. या मगरीने पुढे काय नासधूस केली ते सांगतोच.

खरे तर या घुटमळण्याचा फायदा करून घेता येतो. मुलाला दोन्ही टोकांनी वाचायला लावावे. ‘अ हा ब-पेक्षा मोठा’ आणि लगेच ‘ब हा अ-पेक्षा लहान’. कागदावर खूण एकच, वाक्ये दोन. अ > ब आणि ब < अ ही एकच गोष्ट आहे, हा गुणधर्म मुलाला तोंडी मिळाला. पुढे ऋण संख्येने गुणताना चिन्ह उलटते, तो प्रकार निराळा. पण वर्गात दोन्हींसाठी ‘चिन्ह उलटते’ हे एकच वाक्य वापरले जाते, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ या एका वाक्याने घातला आहे. पहिल्या वेळी फक्त बोलणाऱ्याने बाजू बदलली. संख्या त्याच राहिल्या. दुसऱ्या वेळी संख्याच बदलल्या.

‘ने’ या प्रत्ययाची गोष्ट याहून सरस आहे. ‘क्ष हा य-पेक्षा मोठा’ ही असमानता. ‘क्ष हा य-पेक्षा ५ ने मोठा’ हे समीकरण : क्ष = य + ५. एक ‘ने’ आला आणि असमानतेचे समीकरण झाले. इंग्रजीत ‘थ्री इज लेस दॅन एक्स’ म्हणजे ३ < क्ष, आणि ‘थ्री लेस दॅन एक्स’ म्हणजे क्ष – ३. दोहोंत फरक एका ‘इज’चा. घाईत वाचणाऱ्या मुलाच्या नजरेतून तो सहज निसटतो. मराठीत ‘तीन हा क्ष-पेक्षा लहान’ आणि ‘क्ष-पेक्षा तीनने लहान’ या दोन वाक्यांची गल्लत होणे कठीण. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला शाब्दिक उदाहरण आधी मनात मराठीत म्हणू द्यावे, ते याच कारणासाठी.

जिथे आपली बोली सैल आहे, तेही सांगायला हवे. ‘दहाच्या आत घरी ये’ म्हटले तर ठोक्याला दहा वाजता आलेला मुलगा वेळेत आला की उशिरा? घरोघरी याचे उत्तर वेगळे मिळेल. ‘पर्यंत’ शेवटची संख्या धरून असते, ‘खालील’ ती सोडून. ‘किमान’, ‘निदान’, ‘कमीत कमी’ हे तिन्ही ≥ चे शब्द. ‘कमाल’ आणि ‘जास्तीत जास्त’ हे ≤ चे. चिन्हाखालची रेघ पिएर बुगेर यांनी १७३४ मध्ये वापरात आणली. त्या रेघेची किंमत मुलांना दाखवायची असेल तर राज्यघटनेचा ३२६ वा अनुच्छेद उघडावा. मतदाराचे वय अठरापेक्षा कमी नसावे, असा त्याचा आशय आहे. पूर्वी ही मर्यादा एकवीस होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती अठरा झाली. ‘कमी नसावे’ म्हणजे वय ≥ १८. त्याऐवजी कोणी ‘अठरापेक्षा जास्त’ असे भाषांतर केले, तर पात्रतेच्या दिनांकाला बरोबर अठरा पूर्ण करणारा तरुण यादीबाहेर राहील. ‘लहान नाही’ म्हणजे ‘मोठा’ नव्हे. मोठा किंवा बरोबर. दोन संख्यांत लहान, समान, मोठा यांपैकी नेमका एकच संबंध असतो, हा गुणधर्म पुस्तकात एका ओळीत उरकलेला असतो. त्याचा उपयोग असा इथे कळतो.

पारिभाषिक शब्दांविषयी थोडक्यात. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत ‘असमानता’ आहे, हिंदी पुस्तकांत ‘असमिका’, गुजरातीत ‘असमता’. इंदूर-बडोद्याच्या आपल्या मुलांच्या कानावर हे दोन-दोन शब्द पडतात. त्यात बिघडत काही नाही. ‘विषमता’ मात्र गणितात आणू नये; सम-विषम संख्यांनी ती जागा आधीच घेतली आहे.

आता मूळ मुद्दा. सगळे गुणधर्म एका व्याख्येतून निघतात : अ > ब म्हणजे अ – ब धन आहे. मराठीत ‘पेक्षा’चा एक जुना भाऊ आहे, ‘हून’. ‘पाचाहून सात मोठा’. हाच ‘हून’ ‘गावाहून आला’मध्येही आहे, तो निघण्याची जागा दाखवतो. पाचाहून निघा, सातापर्यंत चाला. उजवीकडे चालावे लागले, म्हणून सात मोठा. वजाबाकी म्हणजे हीच चाल. दोन्ही संख्यांत तेवढेच मिळवले तर निघण्याची आणि पोचण्याची जागा सारखीच सरकते, मधले अंतर तेच राहते. म्हणून बेरीज-वजाबाकीने चिन्ह बदलत नाही. अ पासून ब उजवीकडे, ब पासून क उजवीकडे, तर अ पासून क उजवीकडेच. संक्रमणाचा गुणधर्म हा एवढाच. गुणाकारात अंतर (अ – ब) चे (अ – ब) × क होते. क धन असेल तर दिशा तीच राहते, ऋण असेल तर उलटी होते.

इथे मगर आडवी येते. –५ आणि –३ मध्ये मोठी कोणती? मगरीवर वाढलेले मूल पाचाचा मोठा ढीग बघते आणि –५ सांगते. दोष मुलाचा नाही. ‘मोठा’ हा शब्द आकारालाही चालतो आणि क्रमालाही. थोरला भाऊ उंचीने लहान असला तरी मोठाच. या पेचातून सोडवणारे शब्द आपल्याकडे ब्रह्मगुप्तापासून आहेत. इ. स. ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात त्याने संख्यांचे नियम धन आणि ऋण, म्हणजे मत्ता आणि कर्ज, या शब्दांत सांगितले. इंग्रजी ‘निगेटिव्ह’मध्ये नकार आहे, आपल्या ‘ऋण’मध्ये वाण्याची वही आहे. पाच रुपयांचे कर्ज तीन रुपयांच्या कर्जापेक्षा मोठे, हे खरे. पाच रुपये देणे असलेला माणूस तीन रुपये देणे असलेल्यापेक्षा गरीब, हेही खरे. ५ > ३ आणि –५ < –३ ही दोन्ही विधाने अशी शेजारी ठेवली की चिन्ह का उलटते हे निराळे सांगावे लागत नाही. असणे जाऊन देणे आले. ज्याच्याकडे जास्त होते, त्याच्यावर आता जास्त देणे आहे.

तरीही ज्याचा विश्वास बसत नाही, त्याने –२क्ष < ६ हे उदाहरण उलटवण्याचा नियम न वापरता सोडवावे. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा : ० < ६ + २क्ष. दोन्हींतून ६ काढा : –६ < २क्ष. धन दोनाने भागा : –३ < क्ष. आता क्ष उजव्या बाजूला आहे; दुसऱ्या टोकाने वाचा, क्ष > –३. हे दोन-तीनदा हाताने केलेला मुलगा नियम विसरला तरी अडत नाही.

वर्ग करण्याची गोष्ट वेगळी. –५ < ३, पण २५ > ९. इथे कोणताही सरसकट नियम चालत नाही. याहून धोक्याचे आहे ते अव्यक्ताने गुणणे. १/क्ष < २ हे उदाहरण द्या. बहुतेक मुले दोन्ही बाजूंना क्ष ने गुणून १ < २क्ष, म्हणून क्ष > १/२ असे लिहून पुढे जातात. पण क्ष = –१ घेतले तर १/क्ष होते –१, आणि ते दोनपेक्षा लहानच आहे. हे उत्तर गळले कुठे? क्ष ने गुणताना क्ष हा धन की ऋण, हे कोणी विचारलेच नाही.

अशा वेळी चिन्हांच्या आधी दोन मराठी वाक्ये वहीत लिहून घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. क्ष जर धन असेल, तर चिन्ह तेच राहील आणि १ < २क्ष, म्हणजे क्ष > १/२. क्ष जर ऋण असेल, तर चिन्ह उलटेल आणि १ > २क्ष, म्हणजे क्ष < १/२. आणि ऋण संख्या तर सगळ्याच अर्ध्यापेक्षा लहान, म्हणून त्या सगळ्या चालतील. शून्य मुळातच बाद, कारण त्याने भागता येत नाही. उत्तर : क्ष < ० किंवा क्ष > १/२. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी ही जर-तरची दोन वाक्ये कच्च्या कामाच्या पानावर मराठीत राहू द्यायला कोणत्याही मंडळाची हरकत नसावी.