हद्दीबाहेरचे सोलापूरकर



राज्यभरातल्या नगररचनाकार, अभियंते आणि कार्यकर्त्यांची ही परिषद ज्या सोलापूर शहरात भरली आहे, तिथे 'सेटलमेंट' हा इंग्रजी शब्द एका वस्तीचं नाव होऊन बसला आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. त्यांना डांबण्यासाठी मुंबई इलाख्यात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली एक मोठी वसाहत सोलापूरची. भोवती काटेरी तार, आत रोजची हजेरी. पण गिरण्यांना माणसं हवी होती, म्हणून कामापुरती तार उघडायची. दिवसा गिरणी कामगार, रात्री सरकारचा कैदी!

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. 'सेटलमेंट' हे नाव मात्र राहिलं, आणि पुढच्या पिढ्यांना शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर तेच पत्ता म्हणून लिहावं लागलं.

शहराला कष्ट आत हवेत, कष्टकऱ्याचं घर मात्र कडेला. हा हिशेब इंग्रजांबरोबर गेला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई पाहा. कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा आणायचा. घरी पानं भिजवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. मजुरी हजारावर, त्यातून खराब विड्या वजा. तिची खोली हाच तिचा कारखाना आहे. नकाशावर मात्र ती 'निवासी' रंगात रंगते.

या बायकांनी घरं मिळवली ती लढून. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून शहराबाहेरच्या कुंभारी गावी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दहा हजार घरांच्या या वसाहतीचं हस्तांतरण २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं. पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कामगारांच्या हवाली केली. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या नावाच्या दारात येणं म्हणजे काय, हे त्या दारात उभ्या असलेल्या बाईलाच विचारावं. सेटलमेंटची तार आणि हे घरकुल यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं होईल.

तरीही एक प्रश्न उरतो. एवढी मोठी वस्ती महापालिकेच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावाच्या जमिनीवरच का वसवावी लागली? स्वस्त जमीन तिथे होती, हे उत्तर खरं आहे आणि अपुरंही. जमिनीत वाचलेला पैसा बसभाड्यात, कामाच्या खाड्यात आणि लांबच्या दवाखान्यात कामगारच फेडतो.

हद्दीच्या आत तरी सगळे सारखे आहेत का? जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. रंगभवन परिसर देखणा झाला. पण शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या उजनी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआडच येत राहिलं. ज्याच्या अंगणात जमिनीखाली टाकी आहे, त्याला नळ कधी आला हेही कळत नाही. ज्याच्या दारात एकच बॅरल आहे, त्या घरातली बाई सूप बाजूला ठेवून उठते. त्या सकाळच्या विड्या वळायच्या राहतात, मजुरीही बुडते. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात या बुडालेल्या मजुरीचा रकाना नसतो.

म्हणून या परिषदेला एकच विनंती आहे. उद्या दुपारच्या सत्राआधी प्रतिनिधींनी गाड्या इथेच ठेवाव्यात आणि शहर बसने कुंभारीला जाऊन यावं. थांब्यावर किती वेळ गेला, तिकिटाला किती पैसे पडले, हे टिपून आणावं. परवा ठरावांचा मसुदा करायला बसाल, तेव्हा पहिल्या ठरावात ते दोन आकडे असू द्या.