विकायला नकार, विकायला विरोध



गोदाकाठी, चांगदेवांच्या समाधीच्या पुणतांब्यात इंग्रजी व्याकरणावर बोलायचं म्हणजे विषय जरा आडवळणाचा वाटेल. पण 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. एवढी वर्षं शिकूनही मुलं बोलताना एका ठरावीक जागी अडखळतात. ती जागा मला आज उकलून दाखवायची आहे. क्रियापदाच्या आधी येणारा ‘टू’ आणि त्याच्या आजूबाजूला वावरणारे ‘फॉर’, ‘ऑन’, ‘विथ’, ‘फ्रॉम’ हे शब्द, एवढाच आजचा विषय.

मुलांना आपण हा ‘टू’ परका म्हणून शिकवतो, आणि माझा आक्षेप इथंच आहे. आपण म्हणतो, ‘मी गावाला जातो’ आणि ‘मी बघायला जातो’. दोन्हीकडे ‘ला’च आहे. ‘करावयाला’ झिजून ‘करायला’ झालं, पण चतुर्थीचा ‘ला’ टिकला. इंग्रजीतही तेच: ‘टू द व्हिलेज’ आणि ‘टू सी’. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा ‘टू’ दिशा दाखवणारा साधा शब्द होता, आणि त्याच्यामागून येणाऱ्या क्रियापदाला चतुर्थीचा प्रत्ययही लागत असे. जायचं कुठं हे सांगणारी खूण दोन्ही भाषांनी ‘करायचं काय’ हे सांगायलाही वापरली. म्हणजे मूल शाळेत येतं तेव्हा निम्मा धडा त्याच्या जिभेवर असतो. आपणच तो त्याला दाखवत नाही.

मग घोटाळा होतो कुठं? या गावाचंच उदाहरण घेऊ. 1 जून 2017 पासून शेतकऱ्यांनी संप केला, आणि त्याची हाक पुणतांब्यातून गेली. दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाणं थांबलं. ही हकीकत इंग्रजीत सांगायची आहे असं समजा. ‘शेतकऱ्यांनी दूध विकायला नकार दिला’ याचं होतं ‘रिफ्यूज्ड टू सेल’. आता ‘कमी भावात विकायला विरोध केला’ हे वाक्य घ्या. मुलगा बेधडक लिहितो, ‘ऑब्जेक्टेड टू सेल’. मराठीत दोन्हीकडे ‘विकायला’, मग त्यानं वेगळं का लिहावं? पण इंग्रजीला इथं ‘ऑब्जेक्टेड टू सेलिंग’ लागतं. ‘रिफ्यूज’च्या पुढचा ‘टू’ क्रियापदाचा आहे, ‘ऑब्जेक्ट’च्या पुढचा ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा आहे. ओळखायचं कसं? त्या ‘टू’पुढं नुसतं नाम ठेवून बघा. ‘ऑब्जेक्ट टू द प्राइस’, भावाला विरोध, हे चालतं. ‘रिफ्यूज टू द प्राइस’ चालत नाही. जिथं नाम बसतं तिथं क्रियापदही नाम होऊनच येतं, म्हणजे ‘इंग’ लावून. ‘लुक फॉरवर्ड टू’ला हीच कसोटी लावा.

त्याच संपातला आणखी एक सापळा आहे. ‘स्टॉप्ड सेंडिंग मिल्क’ म्हणजे दूध पाठवणं थांबवलं. ‘स्टॉप्ड टू सेंड मिल्क’ म्हणजे दूध पाठवण्यासाठी वाटेत थांबले! एका ‘टू’नं सगळा संप मोडीत निघतो.

एरवी मराठीचं ‘-ण्या’ मुलांना उत्तम वाट दाखवतं. ‘जाण्यापासून’ म्हणजे ‘फ्रॉम गोइंग’, ‘बोलण्याबद्दल’ म्हणजे ‘अबाउट स्पीकिंग’. ‘-ण्या’पुढं आपलं शब्दयोगी अव्यय, तर त्यांचं ‘इंग’आधी. या वाटेवर मोठा खड्डा एकच, ‘-ण्यासाठी’. ‘बघण्यासाठी आलो’ याचं ‘आय केम फॉर टू सी’ असं भाषांतर मी असंख्य वह्यांत वाचलं आहे. त्या मुलांना मी अडाणी म्हणणार नाही, कारण 1611 च्या इंग्रजी बायबलात हे ‘फॉर टू’ सापडतं. आजच्या प्रमाण इंग्रजीनं तो ‘फॉर’ टाकून दिला, एवढंच. हेतू सांगायला एकटा ‘टू’ पुरतो.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. ‘लिहायला पेन दे, लिहायला कागद दे, लिहायला विषय दे.’ तिन्हीकडे आपलं ‘लिहायला’ तेच. पेनानं लिहितात आणि कागदावर लिहितात हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, असं मराठी धरून चालते. इंग्रजी तसं धरत नाही. ‘अ पेन टू राइट विथ’, ‘पेपर टू राइट ऑन’, ‘अ टॉपिक टू राइट अबाउट’. ते शेवटचं शेपूट आपली मुलं हमखास गाळतात. त्यासाठी नियम पाठ करायची गरज नाही, मराठीत पूर्ण वाक्य करायला सांगा. पेना*ने* लिहितो: ‘विथ’ आला. खुर्ची*वर* बसतो: ‘अ चेअर टू सिट ऑन’. घरा*त* राहतो: ‘अ हाउस टू लिव्ह इन’. आणि प्यायला पाणी? पाणी पितो. पाण्याला काहीच लागलं नाही, म्हणून ‘वॉटर टू ड्रिंक’, पुढं काही नाही. पण प्यायला पेला म्हटलं की ‘अ ग्लास टू ड्रिंक फ्रॉम’. जे शब्दयोगी अव्यय वा जो प्रत्यय मराठीनं गिळला, तोच इंग्रजीत शेवटी प्रकटतो. ही गोष्ट फळ्यावर एकदा करून दाखवली की सातवीतल्या मुलालाही समजते.

काही शिक्षक म्हणतील, वाक्याच्या शेवटी असा शब्द लोंबकळत ठेवणं अशुद्ध आहे. हा आक्षेप जुना आहे. 1672 मध्ये कवी ड्रायडननं नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला होता. पण व्याकरणकार रॉबर्ट लोथनं 1762 च्या आपल्या व्याकरणात ही बोलण्यातली रूढ लकब असल्याचं मान्य केलं. भारदस्त लेखनात मात्र ती टाळलेली बरी, असं त्याचं मत. दुकानात, गाडीत, मुलाखतीत आपल्याला बोलायचंच आहे. तेव्हा तो शब्द खुशाल शेवटी येऊ द्या.

गाडीवरून आठवलं. आपल्या जंक्शनवर शिर्डीकडे वळणारी गाडी सुटायला आली की इंग्रजीत म्हणतात, ‘द ट्रेन इज अबाउट टू लीव्ह’. इथं ‘अबाउट’पुढं थेट ‘टू’ येतो, ‘इंग’ नाही. हा अपवाद आहे. तो कानानंच शिकावा.

आणि शेवटी ‘यूज्ड टू’, कारण मुलाखतीत घात होतो तो इथंच. ‘मी उन्हात काम करायचो’ म्हणजे ‘आय यूज्ड टू वर्क’: पूर्वी करत होतो, आता नाही. ‘मला उन्हात काम करायची सवय आहे’ म्हणजे ‘आय अॅम यूज्ड टू वर्किंग’. इथली शेतकऱ्याची मुलगी संभाजीनगरच्या कारखान्यात मुलाखतीला जाते, तेव्हा तिला दुसरं सांगायचं असतं आणि तोंडून पहिलं निघतं. समोरचा समजतो, हिनं काम सोडलेलं दिसतंय. ‘करायचो’ आणि ‘करायची सवय’ यांत ती आयुष्यात कधी गोंधळलेली नसते. म्हणून वर्गात आधी ही दोन मराठी वाक्यं शेजारीशेजारी लिहा, आणि मग त्यांच्याखाली इंग्रजी.