हवामाननिधी आणि सातबारा

२००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी हवामानबदलाशी झुंजण्यासाठी गरीब देशांना २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले. ते पुरे झाले २०२२ मध्ये. त्यातही सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाऊ. धूर त्यांचा, व्याज यांचे! फेड करताना दवाखाने, पाणीयोजना यांवर कात्री चालते, आणि रिकामा हंडा स्त्रीच्याच डोक्यावर येतो.

आपल्याकडे तरी काय निराळे? पीकनुकसानीची मदत सातबाऱ्यावरील नावाने निघते. खुरपणी करणारीचे नाव तेथे क्वचितच. १९७२ च्या दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या स्त्रियांना मजुरी मिळाली, ती सातबारा न विचारता. हवामाननिधीबाबतही हीच मागणी आपण लावून धरली पाहिजे : कर्ज नको, अनुदान द्या, आणि ते राबणारीच्या नावे द्या.