शाळेचा संगणक : मोकळी प्रणाली आणि विकतची प्रणाली



शाळेच्या कार्यालयातील संगणक आज पुष्कळ ठिकाणी एका चमत्कारिक अवस्थेत सापडला आहे. यंत्र धडधाकट आहे, पडदा उजळतो, कळा चालतात. परंतु त्यावरील विंडोज १० ही प्रणाली म्हातारी ठरली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नित्याची विनामूल्य दुरुस्ती थांबविली. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था आणि साधारणतः २०१८ च्या सुमारास वा त्यानंतर आलेला प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वी देणगीतून मिळालेल्या यंत्रात हे कोठून असणार ? तेव्हा चांगले यंत्र भंगारात घालावे, की धोका पत्करून तसेच चालवावे, की लिनक्ससारखी मोकळी प्रणाली त्यात घालावी, असा प्रश्न उभा राहतो.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे शिक्षकांस समजावणे अवघड नाही. ती संगणकातील मुख्याध्यापक होय. कोणत्या कामाला केव्हा तास द्यावयाचा, कोणती वही कोणत्या कपाटात ठेवावयाची, छपाईयंत्रास कधी हाक मारावयाची, हे सर्व ती ठरविते. टंकलेखनाचा किंवा हिशेबाचा कार्यक्रम हा तिच्या हाताखालील शिक्षक. मुख्याध्यापक बदलला की शाळा तीच राहते, पण शाळेची रीत बदलते.

मोकळ्या आणि विकतच्या प्रणालीतील भेद असोद्याच्या शिवारात उभे राहून पाहिला तर लवकर उमगतो. ह्या भागातील भरताची वांगी प्रसिद्ध आहेत. चांगले फळ झाडावर पिकू द्यावे, त्याचे बी धुऊन, वाळवून, राखेत घोळून ठेवावे, शेजाऱ्याने मागितले तर मूठभर द्यावे, ही घरच्या बियाण्याची रीत. शेजारच्याच वावरात संकरित कापूस असतो. त्याचे पाकीट दरसाल दुकानातून आणावे लागते. घरचे बी धरून पुढच्या वर्षी तोच उतारा मिळत नाही. तरीही शेतकरी ते पाकीट घेतो, कारण त्याला त्यातून उत्पन्न दिसते. शेतकरी वेडा नाही. विकतच्या वस्तूत गुण असतात म्हणूनच ती विकली जाते, एवढे प्रथम मान्य केले पाहिजे.

मोकळ्या प्रणालीची कथा अशी. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. कार्यक्रम हवा तसा वापरावा, त्याची घडण अभ्यासावी, ती बदलावी आणि प्रती वाटाव्या, ही मोकळीक प्रत्येकास असावी, असा त्यांचा आग्रह होता. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा विद्यार्थी आपण लिहिलेला प्रणालीचा गाभा लोकांपुढे ठेवता झाला. ह्या दोहोंच्या मिलाफातून उबुंटू, डेबियन, मिंट अशी अनेक नावांची बियाणी निघाली. आपल्या देशात सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची प्रणाली भारतीय भाषांची सोय करून ह्याच घराण्यात तयार केली. शिक्षकांच्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे आपण लिनक्स कधी पाहिले नाही, असे म्हणणारा मनुष्य बहुधा दिवसातून शंभरदा ते हाताळीत असतो.

इंग्रजीत एकाच शब्दाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन अर्थ निघतात आणि त्यामुळे तिकडे घोटाळा होतो. मराठीत हे दोन शब्द निराळे आहेत, म्हणून घोटाळ्यास कारण नाही. मोकळी प्रणाली बहुधा फुकट मिळते. परंतु तिचे मोल फुकटपणात नाही, तर ती दुसऱ्या शाळेस राजरोस देता येते ह्यात आहे. उलट, विकतच्या प्रणालीची चोरटी प्रत ही फुकट असूनही मुक्त नव्हे. गावोगावी संगणक दुरुस्त करणाराने पन्नास-शंभर रुपयांत घालून दिलेल्या अशा प्रती किती शाळांत असतील, ह्याची चर्चा येथे नको. पण तिच्यात कोणी काय मिसळले आहे हे कळत नाही, आणि त्याच यंत्रावर मुलांची जन्मतारीख, आधार क्रमांक व पालकांचे बँकखाते ह्यांच्या याद्या असतात. शिवाय ज्या खोलीत मुलांना खरे बोलावे असे शिकवावयाचे, त्याच खोलीत हे चालते.

आता नित्याच्या वापराचे पाहू. पत्र लिहिणे, तक्ते करणे, शासकीय संकेतस्थळावर माहिती भरणे, चलच्चित्र दाखविणे, ही कामे दोन्हीकडे होतात. संकेतस्थळे ब्राउझरमधून चालतात. त्यांना खालची प्रणाली कोणती ह्याचे सहसा सोयरसुतक नसते. लिबरऑफिस हा लेखन-हिशेबाचा मोकळा संच दोन्ही प्रणालींवर चालतो. दोन-चार जीबी स्मृतीचे जुने यंत्र मिंटसारख्या हलक्या प्रणालीवर पुन्हा कामास लागते. परंतु छपाईयंत्र, स्कॅनर किंवा अंगठ्याचा ठसा घेणारे साधन विकत घेताना त्याबरोबर आलेली चकती बहुधा विंडोजसाठीच असते. लिनक्सवर ते कधी आपोआप चालते, कधी काही केल्या चालत नाही. बिघाड झाला तर विंडोज जाणणारा मनुष्य जळगावात कोपऱ्याकोपऱ्यावर भेटेल, लिनक्स जाणणारा शोधावा लागेल. हा दोष लहान नव्हे. तो लपवून मोकळ्या प्रणालीची भलावण करणे म्हणजे नव्या शिक्षकाची फसवणूक होय.

ह्याच असोद्यात २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाईंचा जन्म झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मुखातील ओव्या पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी ह्यांनी कागदावर उतरून घेतल्या, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्यावर, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या ग्रंथरूप झाल्या. ज्याला बालबोध लिपी येते त्या कोणासही ती वही उघडून वाचता आली असती. आजच्या शाळेने वीस वर्षांपूर्वी खासगी फॉन्टात टंकलेला शाळेचा इतिहास किंवा आजीबाईंकडून टिपून घेतलेली जात्यावरची गाणी तशी वाचता येतील काय ? तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र दोन्ही प्रणालींवर सारखाच दिसतो, आणि इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलकही दोहोंकडे आहे. प्रणाली कोणतीही निवडा, लेखन युनिकोडातच हवे.

मोकळी प्रणाली प्राथमिक शाळेत चालते काय, ह्याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील धनगरपाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ह्या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. ती हिरव्या-पांढऱ्या रंगाची लहान यंत्रे लिनक्सवरच चालत. मुलांनी ती भराभर आत्मसात केली. तथापि ही योजना राज्यभर पसरली नाही. केरळात निराळे घडले. तेथील शासनाने शाळांसाठी आपली लिनक्स प्रणाली सिद्ध केली, तिला धरून पाठ्यपुस्तके लिहिली, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनाच तिचे प्रशिक्षण देऊन एकमेकांचे मार्गदर्शक केले. आजही तेथील शाळांत ती प्रणाली चालू आहे. बियाणे दोन्ही ठिकाणी एकाच घराण्याचे होते. फरक शेजाऱ्यांत होता.

म्हणून असोद्यासारख्या केंद्रात एखाद्या शिक्षकाने एकट्यानेच शाळेचे यंत्र पालटू नये. तीन-चार शाळांनी मिळून पालटावे, म्हणजे एकाचे अडले तर दुसऱ्यास विचारता येईल. प्रथम पेनड्राइव्हवर प्रणाली उतरवून घ्यावी. ती तेथूनच चालवून पाहता येते, मूळच्या विंडोजला धक्का लागत नाही. आठ-पंधरा दिवस शाळेचे छपाईयंत्र, केंद्राकडे जाणारे तक्ते आणि मराठी टंकलेखन पारखावे. केंद्रातील एक चांगले यंत्र परवान्याच्या विंडोजवरच राहू द्यावे, कारण एखादे साधन तिच्यावाचून चालणार नाही. आणि जुन्या फॉन्टांतील फायली युनिकोडात उतरविण्याचे काम विंडोज पुसण्याच्या आधी करावे. ते फॉन्ट जेथे बसविलेले आहेत ते यंत्र एकदा गेले, की मग ती अक्षरे परत वाचून घेण्यास फार खटपट पडते.