गाडीतला गॅसचा फ्रीज आम्ही कसा सांभाळला



यात्रेत आणि आठवडी बाजारात आमच्या गटाची ताक-श्रीखंडाची गाडी तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली आहे. गाडीपाशी आलं की हमखास एक प्रश्न येतो, "ताई, इथं लाइट नाही, मग तुमचा फ्रीज चालतो कसा?" आज त्या फ्रीजविषयीच बोलू. तो कसा चालतो, कसा बसवायचा, त्याची देखभाल काय, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. तुम्हाला ते नुकसानीशिवाय शिकता यावं, एवढ्यासाठी हे बोलणं.

आमची गाडी जुनी आहे. आधी ती पर्यटकांना घेऊन कोकणात फिरायची. आत झोपायला दोन बाकं, छोटा ओटा, सिंक आणि ओट्याखाली फ्रीज. माणदेशातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. यात्रा तीन-तीन, चार-चार दिवस चालते आणि मैदानात लाइट मिळेल याचा भरवसा नसतो. मुक्काम करता येईल आणि माल थंड राहील, असा विचार करून गटाची बचत आणि बँकेचं कर्ज घालून आम्ही ती घेतली.

हा फ्रीज तीन गोष्टींवर चालतो. घरची २३० व्होल्टची वीज, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि स्वयंपाकाचा गॅस. आपल्या घरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो घरघरतो. यात कॉम्प्रेसरच नाही, त्यामुळे आवाजही नाही. १९२२ साली स्वीडनमधल्या बाल्ट्सर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली. आता तुम्ही म्हणाल, जाळ लावून गारवा कसा मिळतो?

माठातलं पाणी गार का होतं ते आठवा. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. या फ्रीजच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. फ्रीजच्या आतल्या नळीत अमोनिया उडतो आणि आपल्या मालातली उष्णता ओढून घेतो. मग तो पाण्यात विरघळतो. खाली ज्योत किंवा विजेचा हीटर ते पाणी तापवतो, अमोनिया पुन्हा वेगळा होऊन वर जातो, मागच्या जाळीत थंड होऊन पातळ होतो आणि उतारानं परत फ्रीजच्या आत येतो. ढकलायला पंप नाही. सगळं काम उष्णतेवर आणि उतारावर चालतं. हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. पण आम्हाला ते उशिरा समजलं.

पहिल्याच मोठ्या यात्रेत आमच्या ड्रायव्हर ताईनं सावली बघून गाडी ओढ्याच्या काठाला लावली. जागा उताराची होती. रात्रभर फ्रीज गॅसवर चालू होता. सकाळी दार उघडलं तर १२ किलो श्रीखंड कोमट आणि २० लिटर ताक आंबट ढाण झालेलं. सगळं टाकून दिलं. गटाच्या बैठकीत काही जणी ड्रायव्हर ताईला बोलल्या. नुकसान तिनंच भरावं, इथपर्यंत गोष्ट गेली. ती बिचारी खाली मान घालून बसली होती.

त्याच आठवड्यात आम्ही एका फ्रीज दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "यातला गॅस संपलाय, भरावा लागेल." अडीच हजार रुपये घेतले. गाडी आता घरासमोर सपाट जागेवर उभी होती, म्हणून फ्रीज दुसऱ्या दिवशी आपोआप गार झाला. आम्हाला वाटलं, गॅस भरल्यामुळं झाला. खरं तर या फ्रीजच्या नळ्या कारखान्यातच झाळून बंद केलेल्या असतात. त्यात बाहेरून काही भरता येत नाही. बिघडल्याच तर मागचा पूर्ण संच बदलावा लागतो, आणि तो महाग असतो.

हे आम्हाला सांगितलं एका सदस्य ताईंच्या मुलीनं. ती आयटीआयला शिकते. गाडीच्या कप्प्यात फ्रीजचं इंग्रजी माहितीपुस्तक पडून होतं, ते तिनं वाचलं आणि पुढच्या बैठकीत आम्हाला मराठीत समजावलं. घराच्या पन्हळीला उतार चुकला की पाणी जागच्या जागी साचतं, तसंच या नळ्यांत होतं. गाडी चालताना हलत असते, तेव्हा घाट चढला तरी चालतं. पण उभी गाडी तिरकी असली की पातळ अमोनिया अडकतो, थंडी थांबते आणि खाली ज्योत मात्र तापवतच राहते. असं बरेचदा झालं तर नळ्या आतून कायमच्या चोंदतात. ते ऐकून आम्ही ड्रायव्हर ताईची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तर चूक तिची कशी? नुकसान गटानं सोसलं. आता गवंड्याची लेव्हलपट्टी गाडीतच असते. गाडी लावली की पट्टी फ्रीजच्या तळावर दोन्ही बाजूंनी ठेवायची, लागेल त्या चाकाखाली फळी द्यायची, आणि मगच फ्रीज सुरू करायचा.

आता बसवण्याविषयी. फ्रीज काढून पुन्हा बसवला तेव्हा आम्ही तिथं उभं राहून पाहिलं, म्हणून सांगू शकतो. हा फ्रीज गाडीच्या बाहेरच्या भिंतीला पाठ लावून बसतो. त्या भिंतीला जाळीच्या दोन खिडक्या लागतात, एक खाली फ्रीजच्या तळाजवळ आणि एक वर, मागच्या जाळीच्याही वर. खालून गार हवा आत येते, तापून वरून बाहेर जाते. आधीच्या मालकानं धूळ येते म्हणून खालच्या खिडकीवर पत्रा ठोकला होता. मग फ्रीजला हवा कुठून मिळणार? पत्रा काढला, जाळी लावली. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हा फ्रीज दमतोच, म्हणून मागं हवा वर ओढणारा छोटा पंखा बसवला. उन्हात गाडी लावताना फ्रीजची बाजू सावलीकडं ठेवतो.

दुसरं, फ्रीजची मागची जागा गाडीच्या आतल्या भागापासून पूर्ण बंद हवी. एकही फट नको. जळालेल्या गॅसचा धूर बाहेरच गेला पाहिजे. ही गोष्ट किती महत्त्वाची, ते पुढं सांगतो.

तिसरं, गॅस. धंद्यासाठी घरचा लाल सिलिंडर वापरायला परवानगी नाही, धंद्याचाच सिलिंडर घ्यायचा. तो गाडीच्या बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, उभा, पट्ट्यानं घट्ट बांधलेला असावा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून त्या कप्प्याच्या तळाला भोक असावं. भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर फ्रीजला कधीही लावू नका. फ्रीजच्या पाटीवर जो दाब लिहिलेला असतो, तेवढाच देणारा रेग्युलेटर लावायचा. जोडणी जाणकार गॅस फिटरकडूनच करून घ्या. नंतर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघायचं नाही.

चौथं, वायर. बॅटरीवर हा फ्रीज साधारण १० अँपिअर किंवा जास्तच वीज ओढतो. वायर बारीक असेल तर १२ व्होल्टचे फ्रीजपर्यंत साडेदहाच पोचतात आणि हीटरची ताकद तीन चतुर्थांशावर येते. म्हणून वायर जाड हवी, मध्ये फ्यूज हवा. आणि इंजिन बंद असताना बॅटरीवर फ्रीज चालवायचा नाही. आम्ही एकदा चालवला, सकाळी गाडीच सुरू होईना. धक्का मारायला यात्रेकरू बोलवावे लागले.

आमचा नियम असा ठरला आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरच्या विजेवर फ्रीज लावायचा, कारण हा गार व्हायला आठ-दहा तास घेतो. माल आधीच गार करून भरायचा. गाडी चालू असताना बॅटरीवर. गाडी थांबली की गॅसवर. रस्त्यावर आणि पेट्रोल पंपावर ज्योत बंद, सिलिंडरही बंद, याला अपवाद नाही.

मैत्रिणींनो, श्रीखंडाचं नुकसान भरून आलं. पण एक गोष्ट अशी घडली की आजही आठवली तर अंगावर काटा येतो.

पावसाळा संपल्यावरच्या एका यात्रेत आमच्यातल्या दोघी रात्री गाडीत झोपल्या. गारवा होता म्हणून काचा बंद केल्या. फ्रीज गॅसवर होता. सकाळी दोघींचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, उठून उभं राहावेना. पित्त झालं असेल, जागरण झालं असेल, असं आम्ही म्हणत राहिलो. बाहेर मोकळ्या हवेत बसल्यावर हळूहळू बरं वाटलं. पण मनात शंका राहिली, म्हणून फ्रीजची मागची जाळी उघडली. ज्योत निळी नव्हती, पिवळी होती. आजूबाजूला काजळी. आणि धूर जायच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं! पावसाळ्याचे दोन महिने गाडी उभी होती, तेवढ्यात तिनं आपला संसार थाटला. शिवाय ओट्याच्या बाजूची एक पट्टी सुटून बोटभर फट पडली होती.

गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. आमच्या दोघी वाचल्या, हे नशीब. दोघींना दवाखान्यात दाखवलं आणि फट बंद होईपर्यंत गाडी बाहेर काढली नाही. तेव्हापासून फ्रीज गॅसवर असेल तर गाडीत कुणी झोपत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्रही आत लावलं आहे. चुकून कुणाला त्रास झालाच, तर त्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. पित्त म्हणून सोडून देऊ नका.

म्हणून देखभाल. महिन्यातून एकदा दोघींनी मिळून बघायचं. जाळीत जाळं, पानं, मातीचं घर आहे का. ज्योत निळी आणि स्थिर आहे का. दाराच्या रबरात नोट धरून दार लावायचं, नोट सहज निघाली तर रबर सैल झालं. आत थर्मामीटर ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहायचा. दुधाच्या मालाला पाचाच्या आत हवा. दार कमीत कमी वेळा उघडायचं. गॅसची नळी आयएसआय शिक्क्याची, तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदलायची. वर्षातून एकदा, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर निघण्याआधी, फिटरकडून बर्नर आणि धुराची नळी साफ करून घ्यायची. बर्नरच्या बारीक भोकात सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि ज्योत बिघडते.

काही गोष्टींना मात्र आपण हात लावायचा नाही. फ्रीजच्या मागे पिवळी पूड दिसली, किंवा नाकाला झोंबणारा अमोनियाचा उग्र वास आला, तर नळी फुटली आहे. सगळं बंद करा, दारं उघडा, बाहेर पडा. तो फ्रीज पुन्हा सुरू करायचा नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला तर बटण लावू नका, काढूही नका. सिलिंडर बंद करा, सगळ्यांना लांब न्या आणि १९०६ या गॅस मदत क्रमांकावर फोन करा.

आता शेवटचं आणि खरं सांगायचं तर, प्रत्येक गटाला असा फ्रीज लागत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा बाजार असेल, तर जाड थर्माकोलची पेटी आणि बर्फ पुरतो. जिथं लाइटची सोय आहे, तिथं साधा फ्रीज बरा. लाइट नसलेल्या ठिकाणी दोन-चार दिवस मुक्काम असेल, तरच हा उपयोगी. आणि घेतलात, तर तीन शब्द दारावर लिहून ठेवा: सपाटी, हवा, ज्योत. आमच्या फ्रीजच्या दारावर ते लिहिलेत. अक्षर आमच्या ड्रायव्हर ताईचं आहे. महिन्याची तपासणी आता तीच करते आणि दुसऱ्या गटांनाही दाखवते. तुमच्या गटाला बघायचं असेल तर बाजारात गाडीपाशी या. ताक पिऊन जा.